वन्सं, दिनकररावांना मी माफ केलेलं नाही

प्रिय वन्सं,

काल दिनकररावांची मान खाली गेलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, आणि घरी येऊन वरणभात दोनदा वाढून घेऊन जेवले. कित्येक महिन्यांनी अन्न गोड लागलं!

हे समोरच बसले होते. कोणाला तरी सांगावं असं फार वाटत होतं, कोण काय बोललं, कोणाचं तोंड कसं झालं. पण यांना सांगून काय उपयोग? तुमच्या भावाने माझ्याशी बोलणं टाकलंय. "माझा लहानपणचा दोस्त होता तो, सुलभा," एवढं म्हणतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. मग म्हटलं, जिच्यासाठी केलं त्या नणंदेलाच लिहावं. वाचून तुम्ही नाराज व्हाल, ठाऊक आहे मला. व्हा नाराज! मी लिहिणारच.

तुम्हाला आठवतो तो पार्क, आपण हात लावायच्या आधीचा? ग्वाल्हेरच्या दौलतगंजात, आपल्या गल्लीच्या टोकाला, तारेचं कुंपण मोडलेलं, आत डुकरं आणि बाटल्या. शाळेतून रिटायर झालात, सत्काराचे हार अजून सुकले नव्हते, आणि तुम्ही झाडू घेऊन निघालात. मी म्हटलं, "वन्सं, नगर निगम कशासाठी आहे?" तुम्ही म्हणालात, "निगम येईल तेव्हा येईल. तू झाडू धर." आणि मी धरला! लग्न होऊन आले तेव्हापासून तुमचं एक वाक्य मी मुकाट्याने ऐकलं नव्हतं, पण झाडू धरला.

मग रविवार सकाळ म्हणजे पार्क, हे ठरूनच गेलं. मोहल्ल्यातल्या बाया येऊ लागल्या, त्यांच्यामागे पोरं. बादल्या भरून पाणी घालायचं, रोपांना काटेरी फांद्यांचं कुंपण करायचं, पुड्या वेचायच्या. गुटख्याची पुडी टाकणारा दिसला की मी अशी ओरडायची की तो दोन गल्ल्या पळायचा. पोरांनी तुमचं नाव ठेवलं 'कहानीवाली बुआ' आणि माझं 'डाँटवाली आंटी'. तुम्ही किती हसला होतात!

आणि शनिवारची संध्याकाळ गोष्टींची. पार्कात जुनं झाड तेवढं एकच, बकुळीचं. पोरं त्याला मौलसिरी म्हणायची. त्याच्याखाली सतरंजी घालून तुम्ही बसायचात आणि तुमच्या त्या अर्ध्या मराठी हिंदीत सुरू व्हायचात. दाल बाजारात दुकान थाटणाऱ्या खारीची ती गोष्ट! एक दाणा इकडे, एक दाणा तिकडे, आणि मोठमोठे व्यापारी तिच्या तराजूला घाबरतात. घरात मराठीचा एक शब्द नसलेली पोरंसुद्धा 'गिलहरी' विसरून 'खारुताई, खारुताई' म्हणायला लागली. आणि गोष्ट रंगात आली की तुम्ही थांबायचात. "बाकी अगले शनिवार." आठवडाभर गल्लीत भांडणं चालायची, पुढे काय होणार म्हणून.

दिनकरराव तेव्हा कुठे होते, सांगा ना? झाडूला हात लावला कधी? पार्क नीट दिसायला लागला, पेपरात फोटो आला, तेव्हा आले. यांचे शाळेपासूनचे दोस्त, आपल्या घरी वाढलेले, तुम्ही ज्यांना दर भाऊबीजेला ओवाळत होतात ते. "ताई, आता हे काम व्यवस्थित झालं पाहिजे, समिती पाहिजे," म्हणाले. समिती झाली, दिनकरराव अध्यक्ष झाले. तुम्ही म्हणालात, "बरं झालं, माझ्या डोक्याचा ताप गेला." मला तेव्हाच वाटलं होतं, ताप जात नाहीये, येतोय.

मग उज्जैनचं लग्न. आपण सगळेच निघालो होतो. स्टेशनवर सोडायला दिनकरराव स्वतःची गाडी घेऊन आले. तुम्ही विचारलंत, "पार्कात काम सुरू होणार म्हणे. बकुळीला काही करणार नाही ना?" मी मागच्या सीटवर होते, वन्सं. शब्द न शब्द ऐकलाय मी. "ताई, बिलकुल टेन्शन घेऊ नका. दोन फांद्या छाटतोय फक्त. तुम्ही निश्चिंत जा, मी आहे ना!" आणि वर तुमची बॅग स्वतः उचलून डब्यात ठेवली. केवढा तो भाऊ!

परत आलो तेव्हा झाड नव्हतं.

मी तेवढं मोठं आभाळ तिथे कधी पाहिलंच नव्हतं. खाली लाल-पिवळ्या टाइल्स, आणि बरोबर बुंध्याच्या जागी फायबरचा जिराफ. जिराफ! ग्वाल्हेरात! त्याच्या गळ्यात हात घालून लोक सेल्फी काढत होते. तुम्ही जिराफाशेजारी उभ्या राहिलात, पिशवी हातातच. पोरं धावत आली, "बुआ, कहानी!" तुम्ही खाली बसलात, तोंड उघडलंत, आणि काही बोलला नाहीत. पोरं वाट बघून बघून खेळायला गेली.

"आँधी आली हो ताई," दिनकरराव म्हणाले. "तुम्ही गेलात त्याच रात्री. काय ती आँधी! आपलं नशीब, कोणाच्या अंगावर पडलं नाही." डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. समोरच्या चहावाल्याने दुसऱ्या दिवशी आपल्या दोघींना सांगितलं, "कौन सी आँधी, आंटी? सुबह मशीन लगी थी. साहब खुद खड़े थे." तुम्ही त्याचा चहा संपवलात, कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "असू दे, सुलभा."

असू दे? का असू दे? हे मी तुम्हाला तेव्हाही विचारलं, आजही विचारते. मी त्यांच्या दारात जाऊन तमाशा करायला निघाले होते, तुम्ही माझा हात धरलात. "झाड काही परत येणार नाही. घराघरात वितुष्ट कशाला?" तुमच्यासाठी मी गप्प बसले. तुमच्या चांगुलपणाचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

आणि त्या दिवाळीत तर कमाल केलीत. भाऊबीजेला दिनकरराव आले, नवा कुडता घालून, आणि तुम्ही पाट मांडलात! ओवाळलंत! मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. आतून ऐकत होते, "ताई, बासुंदी फर्स्ट क्लास!" ती बासुंदी मी आटवली होती, वन्सं. माझ्या हातची बासुंदी त्या तोंडात गेली, याबद्दल मी तुम्हालासुद्धा अजून माफ केलेलं नाही.

संक्रांतीच्या आधीच्या थंडीत तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणते, जिराफ. त्या दिवसापासून तुम्ही एकही गोष्ट सांगितली नव्हती. माणूस कशाने मरतं ते डॉक्टरला काय विचारायचं?

शोकसभा पार्कातच ठेवली. दिनकरराव माइकवर उभे राहिले, खिशातून रुमाल काढला आणि म्हणाले, "ताई और मौलसिरी, दोनों को आँधी ले गई." लोकांनी टाळ्या वाजवल्या! शोकसभेत टाळ्या! मी तुमच्या फोटोशेजारी बसले होते. त्याच क्षणी ठरवलं, तुम्ही आता माझा हात धरायला नाही आहात. या माणसाला मी सोडणार नाही.

घाई नाही केली मी. तुम्ही मला नेहमी उतावळी म्हणायचात ना? वर्षभर थांबले. रविवारची सफाई चालू ठेवली, पुड्या वेचत राहिले, जिराफाकडे बघत राहिले. दिनकररावांना निगमाच्या निवडणुकीत पार्षदाचं तिकीट हवं होतं, हे एव्हाना सगळ्या मोहल्ल्याला कळलं होतं. आणि तुमची पहिली पुण्यतिथी आली तसे ते आपसूक माझ्या दारात आले.

"वहिनी, ताईंच्या स्मरणार्थ बाल कहानी उत्सव करतोय. दिल्लीहून कलाकार येतोय गोष्टी सांगायला. मोठे पाहुणे येतायत, पत्रकार येतायत. पोरं शे-दीडशे तरी पाहिजेत. तुमची सगळ्या घरांत ओळख आहे. तेवढं तुमच्याकडे."

मी त्यांना चहा दिला. आल्याचा. आणि हसून म्हटलं, "बिलकुल टेन्शन घेऊ नका. मुलांचं मी बघते. मी आहे ना!"

त्यांच्याच शब्दांत सांगितलं, वन्सं, आणि त्यांना ओळखूसुद्धा आले नाहीत ते शब्द!

मग मी घरोघर फिरले. दौलतगंज, खासगी बाजार, मागच्या सगळ्या गल्ल्या. सोपं नव्हतं हो. समितीवाले टी-शर्ट वाटणार होते, समोसे होते. एका बाईने तर तोंडावर विचारलं, "भाभी, वहाँ टी-शर्ट मिल रही है. आपके यहाँ क्या मिलेगा?" मी म्हटलं, "शेंगदाण्याचा लाडू आणि बुआची गोष्ट." तिने मागे वळून आपल्या पोराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मेरा वाला बुआ के जाने के बाद कहानी-वहानी सुनता ही नहीं. ले आऊँगी." अशी एकेक करून घरं वळवली मी. दत्ताच्या देवळाचं आवार मागून घेतलं. पुजाऱ्यांना कारण विचारावंसं वाटलं, पण माझं तोंड बघून त्यांनी विचारलं नाही.

यांना सांगितलं नव्हतं. हे पांढरा सदरा घालून पार्कात गेले, मित्राच्या कार्यक्रमाला.

त्या संध्याकाळी देवळाचं आवार भरत गेलं, भरत गेलं! पोरं, त्यांच्या आया, कडेवरची तान्ही. आणि तिकडे पार्कात, टेंटवाल्याने मला नंतर सांगितलं, लाल गाद्यांच्या खुर्च्यांवर पाहुणे, पत्रकार, समिती, दिल्लीचा तो कलाकार लोकरीचे बाहुले हातात चढवून बसलेला, आणि समोर एक पोर नाही. माइकवर 'बच्चे बस पहुँच ही रहे हैं' चाललेलं. मोठे पाहुणे घड्याळ बघून उठून गेले. मला हे ऐकताना इतका आनंद झाला की मी टेंटवाल्याला पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं.

पण इकडे माझी काय गत झाली असेल? मला गोष्ट कुठे सांगता येते! डाँटवाली आंटी मी. सतरंजीवर बसले. "एक थी गिलहरी," एवढंच म्हटलं, आणि सगळी पोरं ओरडली, "खारुताई!" आणि मग तीच सांगायला लागली हो! एकाने दुकान सांगितलं, एकीने तराजू, एकाने व्यापारी. तुमचे हातवारेसुद्धा तसेच. मी नुसती बसून होते. डोळे पुसायला वेळ मिळाला नाही, कारण मागून एक मोठी मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, "आंटी, आँधी में बुआ का ही पेड़ क्यों गिरा? और तो कोई नहीं गिरा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"आँधी में नहीं गिरा," मी म्हटलं. "काटा गया."

"किसने काटा?"

नाव माझ्या जिभेवर होतं. वर्षभर तिथेच होतं. आणि तेवढ्यात मला सानवी दिसली, दिनकररावांची नात, तिसरीतली. जरीचा फ्रॉक, केसांत गजरा, हातात पाहुण्यांना द्यायचा तो एवढा मोठा गुच्छ. तिकडून पळून आलेली. "वहाँ तो कोई है ही नहीं," असं म्हणत ती पुढे येऊन बसली, गुच्छ मांडीवर घेऊन.

मी नाव नाही घेतलं. तिची दया आली म्हणून नाही! म्हणजे आली असेल थोडी. पण मला एकदम सुचलं की नाव घेतलं तर गोष्ट संपते. मी म्हटलं, "जिसने काटा, वो खुद आके बताएगा. बाकी अगले शनिवार."

अहो, काय गलका झाला! कौन, कौन, कौन!

त्याच गलक्यात दिनकरराव आले. नातीला शोधत, कोटाला बिल्ला तसाच. "वहिनी, हे काय चालवलंय तुम्ही? चार लोकांत नाक कापलंत माझं!"

"तुम्ही झाड कापलंत," मी म्हटलं. "मी नुसतं नाक."

हे हळू म्हटलं, मराठीत म्हटलं, पोरांच्या कानावर गेलं नाही. पण एका पोराने त्यांचा कोट ओढून विचारलंच, "दादाजी, आपको पता है पेड़ किसने काटा?" दिनकरराव सानवीचा दंड धरून तिला घेऊन गेले. ती मागे वळून वळून बघत होती. त्यांच्याकडे नाही. माझ्याकडे.

घरी हे दारातच उभे होते. एवढ्या वर्षांत यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "तू त्याला बरबाद केलंस! तिकीट गेलं त्याचं!" मी म्हटलं, "त्याने तुमच्या बहिणीला काय केलं?" हे आत जाऊन टीव्ही लावून बसले. त्या दिवसापासून माझ्याशी धड बोललेच नाहीत.

दर शनिवारी पोरं देवळात येत राहिली आणि विचारत राहिली, "वो आया?" मी म्हणायची, "अभी नहीं." आईबापांना सगळं ठाऊक होतं, ते दिनकररावांना बघून हसू दाबायचे. सानवीला पाठवणं त्यांनी बंद केलं होतं. पण घरात काय बंद करणार?

परवा ते आले. बसा म्हटलं नाही मी, तेच बसले. "वहिनी, ती मला रोज विचारते. जेवताना विचारते, शाळेत सोडताना विचारते. आता तर काही विचारतच नाही, नुसती बघते. तुम्ही सांगा ना तिला, आँधीच होती म्हणून. तुमचं ती ऐकेल."

"मी सांगते," मी म्हटलं. "नावासकट सांगते."

"नको, नको!"

"मग तुम्ही सांगा. शनिवारी, देवळात, सगळ्यांसमोर."

हे पलंगावरून म्हणाले, "सुलभा, पुरे आता." मी म्हटलं, "नाही पुरे." दिनकरराव उठून गेले. मला वाटलं नव्हतं येतील.

काल आले. नातीला घेऊन. पोरं सतरंजीवर, ते प्लास्टिकच्या खुर्चीवर. माइक नाही, रुमाल नाही. म्हणाले, "बच्चों, वो पेड़ मैंने कटवाया था. बुआ से झूठ बोला. तुम सबसे भी." एक पोरगा म्हणाला, "क्यों?"

आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, वन्सं. मी इतके दिवस समजत होते कारंजं असेल, ठेका असेल, काहीतरी मोठं असेल. ते म्हणाले, "गेट पर बोर्ड लगना था. सड़क से दिखता नहीं था. पेड़ बीच में आता था."

"बोर्ड पे क्या लिखा था?"

"मेरा नाम."

कोणी हसलं नाही. हसले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. पोरं विचार करत होती. आणि सानवी उभी राहिली, आपल्या घरातल्या पोरी बोलतात तसं अर्धं इकडचं अर्धं तिकडचं, आणि म्हणाली, "आजोबा, तो फिर बोर्डच सरकवायचा ना?"

दिनकररावांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांना सोडून माझ्याकडे. लाडवांचा डबा माझ्या मांडीवर होता. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "चला, चला, लाडू घ्या रे!" आणि त्या माणसाला सोडवलं असतंत. मला अगदी कळत होतं की तेवढंच करायचं आहे. मी झाकणावर हात ठेवून बसून राहिले. पोरं त्यांच्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत होती. मान हळूहळू खाली गेली. मी ती खालपर्यंत जाऊ दिली.

एकच गोष्ट मनासारखी झाली नाही. ते उठून निघाले तेव्हा सानवी मागून पळत गेली आणि तिने त्यांचं बोट धरलं. कोणी सांगितलं होतं तिला? तुमचं काहीतरी त्या पोरीत उतरलंय, रक्ताचं नातं नसताना! मला नाही आवडलं ते. तरी मी बघत राहिले, गल्लीच्या वळणापर्यंत.

तर वन्सं, आता माझा शब्द घ्या. तो बोर्ड अजून गेटवर आहे. तो मी उतरवून घेणार, दिनकररावांच्याच हातांनी, दिवसाढवळ्या, सगळा मोहल्ला उभा असताना. शनिवारच्या गोष्टी मी चालवीन, चुकत-माकत, पोरांकडून शिकत. पार्कात झाडू मारीन. हे बोलले तर बोलतील, नाही बोलले तर टीव्हीचा आवाज मी सहन करीन. माफ करायला मात्र मला सांगू नका. ते काम तुमचं होतं, तुम्ही ते वाजवीपेक्षा जास्त केलंत. उरलेलं माझं.

तुमचं ऐकूनही न ऐकणारी,
सुलभा